दुखत नाही ना?

उजव्या कानाच्या पाळीपासून दोन बोटं खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, माझ्या मानेत एक गाठ आहे. गेल्या वर्षी श्रावणात ती पहिल्यांदा हाताला लागली. आता दुसरा श्रावण आला. मधल्या बारा महिन्यांत दातांच्या डॉक्टरांनी एक किडकी दाढ काढली, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दहा दिवस अँटिबायोटिक दिलं, रक्त तपासून झालं, छातीचा एक्स-रे निघाला, सोनोग्राफी दोनदा झाली आणि बारीक सुई घालून पेशीही तपासल्या. उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं. काळजीचं कारण नाही, गाठ 'रिॲक्टिव्ह' आहे. ती वाढलेली नाही आणि कमीही झालेली नाही. कारण नाही हे कळूनही काळजी जात नाही, हे मात्र मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते पहिल्यांदा बोलले वन्संशी. तो रविवार आठवेल तसा लिहीत आहे, कारण मानेवर बोट ठेवून झोपणारी माणसं आणखीही असणार.

वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या भगिनी. राहायला कल्याणला, पारनाक्याच्या आतल्या गल्लीत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या चार मजली इमारतीत. डोंबिवलीहून मधे एक ठाकुर्ली तेवढं लागतं, तरी आमचं जाणं सणावारीच. त्या दिवशी बिरड्याचा बेत होता. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून परात मधे ठेवली होती आणि आम्ही दोघी सोलायला बसलो होतो. वाल सोलणं हे अंगठा आणि तर्जनीचं काम. कडेला जरासं दाबलं की साल चिमटीत राहते आणि दाणा सुळकन पुढे निसटतो.

"अगं, हात पुसून तरी लाव. सगळी मान ओली झाली."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"गाठ ना? वर्ष झालं."

"गाठीचं नाही विचारत. हे हात लावणं."

मग मी सगळं सांगितलं. फोनवरचे रिपोर्ट दाखवले. वन्संनी चष्मा लावून सावकाश वाचले. "चौदा बाय सहा मिलिमीटर. म्हणजे केवढी?"

परातीतला एक सोललेला वाल मी त्यांच्या तळहातावर ठेवला. "साधारण एवढी. अशीच लांबट, चपटी. सोनोग्राफीच्या डॉक्टर म्हणाल्या, लांबट आहे हे चांगलं. आत चरबीचा एक पट्टा असतो, तोही जागेवर आहे. गाठ गोल व्हायला लागली, पट्टा दिसेनासा झाला, तर मग पुढचं बघायचं."

"मग झालं तर! वालासारखी आहे, राहू दे वालासारखी."

"हे 'राहू दे'च मला झेपत नाही, वन्सं."

"का झेपत नाही? लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत अवधाण यायचं, आठवतंय ना? आमची आजी जांघेकडे बघायचीसुद्धा नाही. म्हणायची, आधी पाय दाखव. काटा निघाला, पू गेला, की अवधाण आपलं आपण बसायचं. अवधाण म्हणजे आजार नव्हे, निरोप आहे म्हणायची."

आजींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. शरीरात अशा शेकडो लसिकाग्रंथी असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा मानेत, कारण तोंड, नाक, घसा, दात, डोक्याची त्वचा या वाटांनी जे आत शिरतं ते आधी तिथे गाळलं जातं. जंतू आला की ग्रंथीतल्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते. काम संपलं की बहुतेक वेळा ओसरते, पण नेहमी पुरती नाही. आत वण धरला तर ती थोडी मोठीच राहते आणि अंगाने बारीक असलेल्या माणसाच्या हाताला वर्षानुवर्षं लागत राहते. हे मला आधीपासून माहीत होतं. माहिती माझ्याकडे कधीच कमी नव्हती.

"अवधाण आठ दिवसांत उतरायचं," मी म्हटलं. "वर्षभर बसून राहिलं तर त्याला निरोप कसं म्हणायचं?"

"निरोप जुना असेल. दाढ किडलेली होतीच की तुझी."

"दाढ काढून दहा महिने झाले."

"आणि माझ्या गोळ्या संपून पाच वर्षं झाली. माझी कुठे गेली?"

वन्संना २०१९ साली मानेच्या गाठींचा टीबी झाला होता. डाव्या बाजूला तीन गाठी, एकमेकींना चिकटलेल्या. जुनी माणसं गंडमाळ म्हणायची ते हेच. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि फुफ्फुसाबाहेर टीबी जिथे जिथे होतो त्यांत अशा गाठींचं प्रमाण फार मोठं आहे. आपल्याकडे गाठ टिकून राहिली की डॉक्टर आधी टीबीचा विचार करतात तो त्यामुळे. आम्हाला सासरी हे सगळं नंतर कळलं, तेही अर्धंमुर्धं. त्या दिवशी पहिल्यांदा वन्सं स्वतःहून बोलल्या.

"सुईने आतला पू काढून तपासला, जंतू सापडला. सहा महिने गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तशी घाबरले, तर म्हणे त्या गोळीचा रंग आहे. दुसऱ्या महिन्यात काय झालं ठाऊक आहे? गाठ कमी व्हायची सोडून लिंबाएवढी झाली. शेजारी नवी एक आली. मला वाटलं, औषध लागू पडत नाही, संपलं आता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून घेतलं आणि म्हणाल्या, जंतू मरतायत, त्या मेलेल्या जंतूंवर शरीर खवळलंय, गोळी एक दिवस चुकवायची नाही. मी चुकवली नाही. महिना-दीड महिन्यात बसली. शेवटी हरभऱ्याएवढी उरली. त्या म्हणाल्या, ही कदाचित राहील. गवंडी गेले तरी अंगणात विटांचा ढीग राहतोच ना? तसं. मी म्हटलं राहू दे. तेव्हापासून मी आरशातसुद्धा बघितलेली नाही."

"तुम्हाला जमलं, कारण तुमच्या हातात नाव होतं," मी म्हटलं. "टीबी. त्याला गोळी होती, सहा महिन्यांची मुदत होती, संपल्याचा दिवस होता. माझ्या हातात काय आहे? 'काही नाही.' या 'काही नाही'ला औषध नाही आणि मुदतही नाही. ते कधी संपणार हे कुणाला विचारू?"

वन्सं थोडा वेळ सोलत राहिल्या. "हे मला सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

पण लगेच माघार घेणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. "तरीपण तुला भीती नेमकी कशाची? शब्द उच्चार एकदा."

"कॅन्सरची."

"किती जणांना निघतो तो, अशा गाठीत?"

याचं उत्तर मला पाठ होतं. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांकडे कारण न कळलेली गाठ घेऊन आलेल्या माणसांचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. शंभरात सुमारे एकाची गाठ कर्करोगाची निघाली होती. चाळिशीच्या आतल्यांत हजारात चार, चाळिशीच्या पुढच्यांत शंभरात चार. माझं वय एक्कावन्न.

"म्हणजे शंभरात शहाण्णव सुटले."

"आणि चार नाही सुटले. मी त्या चारांतली नाही हे कशावरून?"

"थांब. ते शंभर जण डॉक्टरच्या दारात पहिल्यांदा गेलेले, हो ना? म्हणजे सुई, सोनोग्राफी काही व्हायच्या आधीचे."

"हो."

"मग तू अजून दारातच का उभी आहेस? तुझं तर सगळं होऊन गेलं. आधीचा आकडा धरून बसलीस."

शंभर वेळा वाचूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घाबरलेला माणूस आकडे वाचतो तेव्हा स्वतःला नेहमी सगळ्यांत वाईट जागी नेऊन बसवतो. तरी माझ्याकडे आणखी एक उत्तर होतं आणि ते खोटं नव्हतं. "सुई चुकू शकते, वन्सं. शितावरून भाताची परीक्षा आहे ती. भात शिजलाय का ते शितावरून कळतं, पातेलं तळाला लागलंय का ते नाही कळत. लसिकाग्रंथीचाच जो कॅन्सर असतो, लिम्फोमा, त्यात पुष्कळदा सुईने भागत नाही. अख्खी गाठ काढून तिची आतली रचना बघावी लागते."

"मग टाक काढून!"

"तेही विचारलं. सर्जन म्हणाले, तिथून ओठाच्या कोपऱ्याची नस जाते, उगाच हात घालणार नाही. वाढली, टणक झाली, जागची हलेनाशी झाली, रात्री चादर भिजेल इतका घाम आला, ताप राहायला लागला, न कळत वजन उतरलं, गळपट्टीच्या हाडाच्या वर नवीन काही लागलं, तर दुसऱ्या दिवशी या, मी एक दिवस थांबणार नाही. यांतलं काही नाही, तोवर काढण्याचं कारण नाही."

"शहाणा माणूस दिसतोय. मग त्याचं ऐकायला काय होतं तुला?"

तेव्हा मी तात्यांचं सांगितलं.

१९९८ साली माझ्या वडिलांच्या जबड्याखाली गाठ आली होती. तंबाखू-चुन्याची सवय तरुणपणापासूनची. दाढी करताना पातं त्या गाठीवर अडायचं, मग तात्या गालात जीभ घालून कातडी ताणून धरायचे. ते मी रोज सकाळी बघत होते. विचारलं की म्हणायचे, दुखत नाही गं. शेजारचे म्हणायचे, दुखत नाही ना? मग काय काळजी! ओळखीच्या एका डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिक बदलून दिलं. तोंड उघडून गालाची आतली बाजू कुणी बघितली नाही. तिथे पांढरा चट्टा होता. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. त्यानंतर किरणांसाठी आम्ही डोंबिवलीहून सकाळची स्लो गाडी पकडायचो, गर्दीत मी त्यांच्या मानेच्या बाजूला हात धरून उभी राहायचे, कुणाचा कोपर लागू नये म्हणून. पुढच्या श्रावणात तात्या नव्हते.

'दुखत नाही ना?' या एका वाक्याने आपल्याकडे किती घरांचा वेळ खाल्ला असेल याचा मला अजूनही राग येतो. जंतूने अचानक फुगवलेली गाठ दुखते, कारण तिची कातडी भराभर ताणली जाते. हळूहळू वाढणारी कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखतच नाही. टीबीचीही सुरुवातीला दुखत नाही. दुखणं नाही हे अभय नव्हे. जे कुणी तंबाखू, गुटखा, मिश्रीच्या सवयीचे असतील आणि ज्यांच्या मानेत तीन आठवड्यांवर टिकलेली गाठ असेल त्यांनी पहिल्यांदा कुणाकडून तरी उजेडात तोंड तपासून घ्यावं.

वन्संचे हात थांबले होते. "तात्यांची हाताला कशी लागायची?"

"दगडासारखी. हलत नव्हती."

"आणि तुझी?"

"रबरासारखी. बोटाखाली सरकते."

"मग दोन्ही एक का धरतेस?"

"कारण दोन्ही दुखत नव्हत्या."

त्यावर काही न बोलता वन्संनी परातीतलं गार झालेलं पाणी बदललं. येऊन बसल्या आणि वेगळंच काढलं. "आमच्या आजेसासूबाई त्यांच्या सासूकडून ऐकलेलं सांगायच्या. प्लेगमधे हा सगळा वाडा कुलूप लावून माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली होती. मूल रडलं तरी आई आधी त्याच्या काखेत हात घालायची. गाठ आहे का बघायला. ताप नंतर बघायचा."

परत येताना स्टेशनवर मी याचाच विचार करत होते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मुंबई सोडून पळणाऱ्यांनी गाड्या भरून जाऊ लागल्या आणि मग याच कल्याण स्टेशनात त्या अडवून उतारूंना तपासत. अंगात ताप आहे का बघायचा, काखेत, जांघेत गाठ चाचपायची, संशय आला की माणूस बाजूला काढायचा. बायकामाणसांच्या अंगाला असा परका हात लागतो यावरून केवढा संताप उसळला होता, हे पुण्याच्या १८९७च्या इतिहासात आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तेव्हा गाठ आली म्हणजे काही दिवसांचा प्रश्न असे, आणि औषध नव्हतं. त्या काळची भीती अडाणी नव्हती, अगदी बरोबर होती. आपल्या भाषेत 'गाठ आली' हे शब्द अजून जड पडतात ते उगाच नाही. फरक एवढाच की तेव्हा चाचपणारा हात सरकारी होता, आणि गाडी कल्याणहून सुटली की तो मागे राहायचा. माझा हात माझ्याबरोबर डोंबिवलीला येतो, स्वयंपाक करतो, उशीवर झोपतो आणि तिथून पुन्हा मानेवर जातो. सारखं दाबल्याने गाठीभोवतालची जागा दुखरी होते. मग ती दुखते म्हणून आणखी दाबायचं.

वन्संना मी एक गोष्ट सांगायचं टाळत होते, पण प्लेगच्या बोलण्यानंतर सांगून टाकली. "मी ठाण्याला तीनदा जाऊन आले. आयपीएचमध्ये."

"ते डॉक्टर आनंद नाडकर्णींचं? मनाच्या आजारांचं?"

"हो."

"अगं, पण गाठ मानेत आहे! त्यांनी काय सांगितलं, मनात आहे म्हणून? मला हे आवडत नाही. बाईमाणसाने काही दुखतंय म्हटलं की मनाचं आहे म्हणायचं."

या एका बाबतीत आमच्या जागा उलट झाल्या. गाठीकडे दुर्लक्ष कर म्हणणाऱ्या वन्सं गाठीची बाजू घेऊन भांडायला उठल्या. मला त्यांचा त्या क्षणी फार आधार वाटला. "तसं कुणीही म्हटलं नाही," मी सांगितलं. "त्यांनी रिपोर्ट बघितले, सर्जननी कधी बोलावलंय ते विचारलं. म्हणाले, गाठीचं काम सर्जनकडे, हाताचं काम आपल्याकडे."

ठाण्यातली ही संस्था १९९० सालची. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या बोलण्यात आली त्यात तिचा मोठा वाटा आहे. मला त्यातलं एकच अक्षर हाती लागलं, 'च'. मला खात्री हवी, हे म्हणणं माणसाचं आहे. मला खात्री हवीच, इथून छळ सुरू होतो, कारण शंभर टक्के खात्री कुठलीच सुई देत नाही, निरोगी मानेलाही देत नाही. दुसरी गोष्ट मी नंतर वाचली. हिलरी वॉरविक आणि पॉल सालकोव्स्किस या दोघांनी १९८६ साली असं दाखवून दिलं की आजाराच्या भीतीने पछाडलेल्या माणसाला दिलासा दिला की तो थोडा वेळच टिकतो आणि पुढचा दिलासा लवकर मागायला लावतो. माझं तेच होत होतं. रिपोर्ट आला की चार दिवस बरे जायचे. पाचव्या दिवशी वाटायचं, आता आतमधे काही झालं असेल तर?

"मग त्यांनी करायला काय दिलं?"

"हात उचलला की लगेच लावायचा नाही. दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटांनी लावायचाच असेल तर वहीत लिहून लावायचा. पहिल्या दिवशी वहीत अडतीस वेळा लिहिलंय."

"आणि काल?"

"नऊ."

"घरी माहीत आहे?"

"नाही. तुम्हाला सांगितलं तेवढंच."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, आतल्या कपाटातून बँकेचं जुनं पासबुक घेऊन आल्या आणि मधलं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. ओल्या बोटाने त्यांनी नोंदी दाखवल्या. दर महिन्याला ५०० रुपये, टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळतात ते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. तेव्हा ५०० होते.

"हे मी साड्यांच्या खाली ठेवलं होतं. मुलीच्या लग्नाचं चाललं होतं ना! गाठीचा टीबी बोलण्याखोकण्यातून कुणाला लागत नाही, फुफ्फुसात असेल तरच लागतो, हे डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं होतं. तरी मी माझं ताट वेगळं घासत होते. आणि मान झाकत होते." त्यांचा पदर आत्ताही डाव्या खांद्यावरून मानेला लपेटलेला होता. मी तो इतकी वर्षं नुसती सवय समजत होते.

थोड्या वेळाने वन्सं म्हणाल्या, "सर्जनने पुढची तारीख कधीची दिलीय?"

"दिवाळीनंतर या म्हणाले."

"दिवाळीनंतर म्हणजे कधी? तारीख नाही म्हणूनच तुझा हात जातो. मला टीबीच्या कार्डावर तारीख असायची. त्या तारखेपर्यंत गाठ डॉक्टरीणबाईंची, माझी नाही, असं मी धरून चालले. घे तो फोन, उद्या सकाळी तारीख मागून घे. आणि तुझ्याकरता महिन्याची एक तारीख. आंघोळीच्या वेळी, एकदाच, तीन बोटांनी. मोठी वाटली, टणक वाटली, तर दुसऱ्या दिवशी सर्जनकडे. नाहीतर पुढच्या एक तारखेला." भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांनी पानं उलटली आणि प्रत्येक महिन्याच्या एक तारखेभोवती पेनने गोल केला. कॅलेंडर त्यांच्या घरचं, आणि गोल माझ्या गाठीचे.

"ठरलं," मी म्हटलं. "पण मग तुम्हीही पाळायचं."

"मी काय पाळायचं? माझं झालंय सगळं."

"शेवटचं कधी दाखवलंत?"

"गोळ्या संपल्या तेव्हा. फेब्रुवारीत, २०२०च्या. पुढे दर सहा महिन्यांनी दोन वर्षं या म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. मग राहून गेलं."

"आणि तेव्हापासून हात लावला नाही."

"सांगितलं ना, राहू दे म्हटलं."

"मी बघू?"

त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी परात बाजूला सरकवली, हात पदराला पुसले आणि तोच पदर मानेवरून खाली घेतला. खिडकीच्या उजेडात मान बारीक आणि गोरी दिसत होती, सुईच्या जागी एक फिकट ठिपका. माझं बोट वर्षभर एकाच जागेवर फिरून फार शिकलं आहे. हरभऱ्याएवढी गाठ लगेच लागली, त्या म्हणाल्या होत्या तशीच, गोल आणि कडक. मी बोट थोडं खाली नेलं. गळपट्टीच्या हाडाच्या वर खळगी असते, तिथे.

"ही दुसरी जुनीच का?"

"कुठली दुसरी?"

मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. त्यांनी दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती लागत नव्हती.

"दुखत नाही गं," वन्सं म्हणाल्या.

मी कालनिर्णयची पानं मागे उलटून ऑगस्टवर आणली.

"उद्या सोमवार," त्या म्हणाल्या. "श्रावणातला. माझा उपास असतो."

"असू दे. मी आठ वाजता इथे येते. तुमची जुनी फाइल काढून ठेवा."